वाण बदलला की भाताच्या खताचा हिशेब का बदलतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेजारशेजारच्या दोन खाचरांत दोन वेगळे भात लावले होते. एकात सुमारे १४५ दिवसांचा, उंच वाढणारा जुना सुवासिक वाण होता आणि दुसऱ्यात सुमारे ११५ दिवसांचा बुटका सुधारित वाण. दोन्हींना हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन) दिले, निम्मे लावणीच्या वेळी आणि निम्मे लावणीनंतर ३० दिवसांनी. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशही (पोटॅश) सारखेच दिले. उंच वाण दाणे भरत असतानाच लोळला, म्हणजे आडवा पडला, आणि मळणीत पळींज (न भरलेले पोकळ दाणे) फार निघाले. बुटका वाण उभा राहिला, पण निसवण्यापूर्वीच (लोंबी बाहेर पडण्याआधीच) पिवळसर पडला आणि लोंब्या अपेक्षेपेक्षा आखूड आल्या. या दोन्हींपैकी कोणता वाण खत जास्त शोषतो, खताची मात्रा वाणावरून ठरवावी का, आणि पुढच्या हंगामात संकरित वाण लावल्यास त्याला दीडपट खत द्यावे हा मिळालेला सल्ला बरोबर आहे का, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

उत्तराचा निम्मा भाग प्रश्नात दिलेल्या दिवसांच्या आकड्यांतच आहे, त्यामुळे ते लिहून ठेवल्याबद्दल आधी धन्यवाद. मी गेली वीसेक वर्षे भाताच्या वाणांवर खतांच्या चाचण्या घेत आलो आहे आणि "कोणता वाण खत जास्त खातो" हे मला जवळजवळ प्रत्येक हंगामात विचारले जाते. ज्याचे उत्पादन जास्त त्याने खत जास्त शोषले असणार, असे त्यामागे गृहीत धरलेले असते आणि नत्राच्या बाबतीत ते बहुतेक वेळा चुकते. शोषलेल्या नत्रापैकी दाण्यात किती जाते आणि काडापानात किती राहते, जादा नत्र मिळाल्यावर झाड स्वतःचा भार पेलू शकते का, आणि नत्राची खरी गरज पिकाच्या कोणत्या दिवसांत येते, या गोष्टींत वाणावाणांत मोठे अंतर असते. मुळांच्या शोषणशक्तीतही अंतर असते, परंतु नत्रासाठी ते दुय्यम ठरते. स्फुरद, जस्त आणि लोह यांच्यासाठी मात्र तेच पहिल्या क्रमांकावर येते, म्हणून त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहितो.

दाण्यात किती आणि पेंढ्यात किती, हे मला तराजूवर पटले. सुरुवातीच्या काळातील एका चाचणीत मी एक उंच आणि एक बुटका वाण घेतला, दोन्हींचे प्रत्येकी वीस चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे झुबके) कापणीच्या दिवशी जमिनीलगत कापले आणि दाणा व पेंढा वेगळा करून, वाळवून तोलला. दोन्ही ढिगांचे एकूण वजन जवळपास सारखे भरले. मात्र बुटक्या वाणात त्यातले निम्मे वजन दाण्याचे होते आणि उंच वाणात जेमतेम एक तृतीयांश. नमुन्यांचे पृथक्करण करून घेतले तेव्हा एकूण नत्राच्या उचलीतही फारसे अंतर दिसले नाही. उंच वाणाने नत्र व्यवस्थित घेतले होते, पण त्याचा मोठा भाग पानांत आणि काडीत अडकून पडला होता. दाण्याचे एकूण वजनाशी असलेले हे प्रमाण, म्हणजे हार्वेस्ट इंडेक्स, जुन्या उंच वाणांत साधारण ०.३ आणि बुटक्या सुधारित वाणांत ०.५ च्या आसपास असते. तुमच्या उंच वाणाने खत घेतलेच नाही असे मुळीच नाही. त्याने ते घेतले, आणि त्याच्या जोरावर तो पेलवणार नाही इतका वाढला.

बुटक्या वाणांचा इतिहास येथे उपयोगी पडतो. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये 'आयआर ८' हा वाण दिला. इंडोनेशियातील उंच 'पेटा' आणि तैवानमधील बुटका 'डी-जिओ-वू-जेन' यांच्या संकरातून तो निवडला होता. त्या काळच्या चाचण्यांत या वाणाने जवळजवळ खताशिवाय हेक्टरी ५ टनांच्या आसपास आणि भरपूर नत्र व उत्तम व्यवस्थापन मिळाल्यावर १० टनांच्या जवळपास उत्पादन दिले. यातला पहिला आकडा लोक विसरतात. हा वाण केवळ खतावर जगणारा नव्हता; आहे त्या अन्नातून अधिक दाणा करणारा आणि वर दिलेले अन्न न लोळता पचवणारा होता. बुटकेपणा देणारे एसडी १ हे जनुक नेमके कोणते ते २००२ मध्ये निश्चित झाले. त्यातील बदलामुळे जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक कमी तयार होते आणि कांडी आखूड राहतात.

मात्र या बुटकेपणाची एक किंमतही आहे. जिबरेलिन कमी असले की वाढीला लगाम घालणारी डेला प्रथिने झाडात साचतात, आणि नत्र शोषण्यास व पचवण्यास चालना देणारा जीआरएफ ४ हा घटक त्यांच्यामुळे काही अंशी दबलेला राहतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. म्हणजे बुटके वाण मुळातून नत्र खेचण्यात उंच वाणांपेक्षा तरबेज आहेत असे नसून उलट काहीसे मंद आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या मुळाशी योग्य वेळी पुरेसे नत्र हजर असावे लागते. एवढ्यावरूनच "जास्त उत्पादन म्हणजे जास्त शोषण" हे गृहीत किती फसवे आहे ते लक्षात यावे.

आता लोळण्याविषयी. उंच वाणाला नत्र जास्त झाले की फुटवे आणि पाने वाढतात, पाने लांब होऊन वाकतात आणि बुडाशी उजेड पोचत नाही. अंधारात वाढलेली खालची दोन-तीन कांडी लांब आणि पातळ भिंतीची होतात. वर लोंबीचा भार येऊ लागला की वाऱ्यापावसाच्या एका सरीत तेवढाच भाग वाकतो. लोळलेल्या पिकात पाने एकमेकांखाली दबतात, प्रकाशसंश्लेषण कोसळते, वाकलेल्या काडीतून दाण्याकडे जाणारा रस अडतो आणि दुधाळ अवस्थेतील दाणे तसेच पोचट राहतात. तुम्हाला मिळालेले पळींज हे खताच्या कमतरतेचे लक्षण नव्हते, खत जास्त झाल्याचे होते. असे पीक पाहून पुढच्या वर्षी आणखी खत देण्याची चूक मी अनेकांकडून होताना पाहिली आहे, म्हणून हे स्पष्टपणे लिहितो.

नत्राची मात्रा वाढवत नेली की उत्पादन वाढते, मग थबकते आणि मग घसरते. प्रत्येक वाणाचा हा बाक वेगळ्या जागी येतो. माझ्या अनुभवात उंच, लोळणाऱ्या वाणांचा बाक हेक्टरी ४० ते ५० किलो नत्राच्या सुमारास येतो. बुटक्या सुधारित वाणांचा पावसाळी हंगामात १०० ते १२० च्या आसपास, आणि कोरड्या, लख्ख उन्हाच्या हंगामात त्याहूनही पुढे. तोच वाण ढगाळ हंगामात कमी आणि उन्हाळी हंगामात जास्त नत्र पचवतो, कारण नत्राने वाढवलेल्या पानांना काम द्यायला सूर्यप्रकाश लागतो. जमिनीत सेंद्रिय पदार्थ किती आहेत, आधी कोणते पीक होते, पाणी हातात आहे की आभाळावर अवलंबून आहे, यांवरही बाकाची जागा सरकते. म्हणून कोणत्याही वाणाच्या नावापुढे एकच मात्रा छापलेली दिसली, तर ती प्रारंभीचा अंदाज समजावी.

आता तुमच्या दिवसांच्या आकड्यांकडे येतो. माझ्या मते तुमच्या दोन्ही खाचरांतील अडचणीचे मूळ मात्रेइतकेच वेळेत आहे. भाताच्या आयुष्यातील शेवटचे दोन टप्पे जवळजवळ सर्व वाणांत सारखेच लांब असतात. काडीच्या आत लोंबीचा कोंब धरण्यापासून फुलोऱ्यापर्यंत साधारण ३० ते ३५ दिवस आणि फुलोऱ्यापासून पक्वतेपर्यंत साधारण ३० दिवस. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) आणि गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) वाणांतील सगळा फरक त्याआधीच्या, केवळ पाने आणि फुटवे वाढण्याच्या काळात असतो. त्यामुळे दिवस लावणीपासून पुढे न मोजता पक्वतेपासून मागे मोजले, तर लोंबी धरण्याची वेळ बरीच अचूक सापडते.

तुमचा ११५ दिवसांचा वाण घ्या. ११५ मधून ६५ वजा केले की पेरणीपासून ५० वा दिवस येतो. रोप २५ दिवसांचे लावले असेल तर लावणीनंतर सुमारे २५ व्या दिवशी लोंबी धरली. १४५ दिवसांच्या वाणात हाच हिशेब पेरणीपासून ८० वा, म्हणजे लावणीनंतर ५५ वा दिवस दाखवतो. तुम्ही दुसरा हप्ता दोन्हींना ३० व्या दिवशी दिला. हळव्या वाणात तो थोडा उशिरा पोचला, आणि त्याआधी दिलेला निम्मा हप्ता कोवळ्या रोपांच्या मुळांना घेताच आला नव्हता, त्यामुळे फुटवे आणि लोंबीची लांबी ठरण्याच्या दिवसांत पीक उपाशी होते. गरव्या वाणात तोच हप्ता लोंबी धरण्याच्या जवळपास २५ दिवस आधी पडला, जेव्हा झाड फक्त पाने आणि निरुपयोगी फुटवे वाढवण्यात गुंतलेले होते. त्या खताने दाटी वाढवली, बुडाशी अंधार केला आणि लोळण्याची तयारी करून ठेवली. एकाच दिवशी टाकलेले एकच खत एका वाणाला उशिराचे आणि दुसऱ्याला फार लवकरचे ठरले.

या हिशेबाला एक अपवाद आहे आणि तो तुमच्या उंच वाणाला लागू असण्याची शक्यता बरीच आहे. अनेक जुने वाण दिवसाच्या लांबीला संवेदनशील असतात. दिवस ठरावीक प्रमाणात लहान झाला की ते निसवतात, लावणी आठवडाभर पुढे गेली तरी फुलोरा फारसा हलत नाही. अशा वाणाला "१४५ दिवसांचा" म्हणण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्यासाठी मागील दोन-तीन वर्षांच्या फुलोऱ्याच्या तारखा पाहाव्यात आणि त्यातून ३० ते ३५ दिवस मागे जावे.

अंदाज पक्का करण्यासाठी मी नेहमी एक साधी गोष्ट करतो. हिशेबाने आलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधीपासून, दर तीन दिवसांनी, खाचराच्या मधल्या भागातून चार-पाच चूड निवडावेत आणि प्रत्येकातील सर्वांत जाड फुटवा मुळासह काढावा. बाहेरची पाने सोलून धारदार पात्याने बुडापासून वर उभा चिरावा. लोंबी धरलेली नसेल तर आत फक्त एकावर एक बसलेल्या आडव्या पेरांच्या रेषा दिसतात. धरलेली असेल तर सर्वांत वरच्या पेराच्या टोकाशी एक-दोन मिलिमीटरचा, पांढरा, कापसाच्या तंतूंसारखा लव असलेला शंकू दिसतो. पहिल्यांदा तो ओळखायला भिंग लागते, नंतर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. निम्म्याहून अधिक फुटव्यांत तो दिसला की हळव्या बुटक्या वाणाला हप्ता द्यावा. उंच वाणात मात्र मी आणखी आठवडाभर थांबतो, कारण नेमकी त्याच दिवसांत खालची कांडी लांबत असतात आणि त्या वेळचे नत्र त्यांना आणखी लांब करते.

लावणीच्या वेळच्या निम्म्या हप्त्याचे काय झाले, तेही सांगणे आवश्यक आहे. उपटून लावलेल्या रोपाची मुळे तुटलेली असतात आणि नवी पांढरी मुळे फुटायला आठवडाभर तरी जातो. तोपर्यंत त्याची नत्राची गरज फारच थोडी असते. इकडे पाण्यात टाकलेल्या युरियाचे दोन-चार दिवसांत अमोनियम होते. खाचराच्या पाण्यातील शेवाळ दिवसा कर्बवायू ओढून घेते, दुपारी त्या पाण्याचा सामू (पीएच) ९ च्याही वर जाऊ शकतो, आणि अशा पाण्यातून अमोनिया वायूरूपाने उडून जातो. खाचर आलटूनपालटून कोरडे आणि ओले होत राहिले तर काही नत्र नायट्रेट होऊन पुढे वायूच्या रूपात हवेत जाते. पाणी साचलेल्या भातात दिलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच त्या पिकाच्या हाती लागते. हा तोटा वाणाच्या गुणदोषांशी संबंधित नाही, आणि माझ्या चाचण्यांत दोन चांगल्या वाणांतील शोषणाच्या फरकापेक्षा खत देण्याच्या पद्धतीतला फरक नेहमीच मोठा निघाला आहे. म्हणून वाण बदलण्याआधी पहिला हप्ता लावणीनंतर १० ते १४ दिवसांवर न्यावा, पाणी उतरवून ओल्या चिखलावर खत द्यावे आणि एक-दोन दिवसांनी पाणी पुन्हा चढवावे, असा माझा आग्रह असतो.

मुळे नत्र कोणत्या रूपात घेतात यातही इंडिका आणि जापोनिका हे भाताच्या वाणांचे दोन मुख्य गट वेगळे आहेत. साचलेल्या पाण्याखाली जमिनीत प्राणवायू नसल्याने नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात राहते आणि भात ते सहज घेते. पण भाताच्या काडीत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून उतरलेला प्राणवायू मुळाभोवतीच्या पातळ थरात झिरपतो आणि तेथे काही अमोनियमचे नायट्रेट होते. हे नायट्रेट इंडिका गटातील वाण जापोनिका गटातील वाणांपेक्षा चांगले उचलतात. एनआरटी १.१बी या वाहक प्रथिनातील केवळ एका अमिनो आम्लाचा फरक त्यामागे मोठे कारण आहे, असे २०१५ मधील संशोधनात आढळले. व्यवहारात याचा उपयोग पैदासकारांना अधिक आणि शेतकऱ्याला कमी आहे, म्हणून यावर अधिक थांबत नाही.

आता संकरित वाणाला दीडपट खत द्यावे का. भाताचे पीक एक टन दाण्यामागे सर्वसाधारणपणे १५ ते २० किलो नत्र, सुमारे ३ किलो फॉस्फरस आणि १५ ते २० किलो पोटॅशियम जमिनीतून उचलते. (येथे फॉस्फरस आणि पोटॅशियम मूलद्रव्य म्हणून धरले आहेत. पोत्यावर ती ऑक्साइडच्या रूपात छापलेली असतात, त्यामुळे तुलना करताना फॉस्फरसला २.३ ने आणि पोटॅशियमला १.२ ने गुणावे.) संकरित वाणात टनामागचा हा आकडा फारसा बदलत नाही. त्याची एकूण उचल वाढते ती उत्पादन वाढते म्हणून. तुमच्या जमिनीत, पाण्यात आणि हंगामात संकरित वाण एक टन अधिक देणार असेल तर त्या एका टनाचे खत वाढवावे. तो जर सुधारित वाणाइतकेच देणार असेल तर दीडपट खत म्हणजे केवळ करपा, पर्णकोष करपा आणि तपकिरी तुडतुडे यांना दिलेले आमंत्रण आहे. संकरित वाणात दोन गोष्टींकडे मी वेगळे लक्ष देतो. त्याच्या लोंबीत दाणे अधिक असतात आणि भरण्याचा काळ लांबतो, त्यामुळे वरची पाने अखेरपर्यंत हिरवी राहावीत म्हणून नत्राचा लहानसा हिस्सा पोटरीच्या वेळेसाठी (लोंबी बाहेर पडण्यापूर्वी काडीत फुगते तेव्हासाठी) राखून ठेवतो, आणि नत्र वाढवले तर पालाशही वाढवतो.

पालाशाविषयी एक वाक्य अधिक. पिकाने उचललेल्या पोटॅशियमपैकी सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक पेंढ्यात राहते. जेथे पेंढा दरवर्षी शेताबाहेर जातो तेथे उंच, भरपूर पेंढ्याचे वाण जमिनीतला पालाश बुटक्या वाणांपेक्षा वेगाने काढून नेतात, उत्पादन कमी असूनही. प्रश्नात पेंढ्याचे काय होते ते आलेले नाही, पण तो बाहेर जात असेल तर उंच वाणाच्या खाचरात पालाश कमी करू नये.

स्फुरद, जस्त आणि लोह यांच्या बाबतीत मुळांचा स्वभावच निर्णायक ठरतो. स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही, मुळाला त्याच्यापर्यंत जावे लागते. पाणी साचल्यावर लोहाशी बांधलेले स्फुरद काही प्रमाणात सुटते, म्हणून पाण्यातील भात स्फुरदाच्या खताला कोरडवाहू पिकांइतका ठळक प्रतिसाद देत नाही. पण आम्लधर्मी, स्फुरद घट्ट बांधून ठेवणाऱ्या जमिनीत किंवा पाणी न साचणाऱ्या वरकस शेतात वाणांचे अंतर उघडे पडते. 'कसालथ' या जुन्या वाणात सापडलेले पीएसटीओएल १ हे जनुक रोपावस्थेत मुळांची वाढ जोरात करते आणि त्यामुळे स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही झाड तग धरते, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. अनेक आधुनिक वाणांत हे जनुक नाही, कारण त्यांची निवड भरपूर खत दिलेल्या शेतांत झाली आणि तेथे अशा मुळांची परीक्षा कधी झालीच नाही. जुन्या वाणांना सरसकट मागास ठरवू नये असे मला मनापासून वाटते, त्याचे हेही एक कारण आहे.

जस्ताचे वागणे नेमके उलट आहे. पाणी साचले की त्याची उपलब्धता घटते, विशेषतः चुनखडीयुक्त आणि अधिक सामू असलेल्या जमिनीत. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत कोवळ्या पानांची मधली शीर बुडाशी पांढरट होते, पानांवर तांबूस ठिपके येतात आणि पीक खुरटते. हाच 'खैरा'. तो प्रथम रोग समजला गेला होता आणि १९६६ च्या सुमारास जस्ताच्या अभावाशी त्याचा संबंध जोडला गेला. एकाच खाचरात दोन वाण लावले असता एकाला खैरा आणि दुसरा निरोगी, असे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी पिवळेपणा पाहून युरिया टाकला जातो आणि तो वाया जातो. पानांवर तांबूस ठिपके असतील तर नत्राआधी जस्ताचा विचार करावा. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट ही मात्रा बहुतेक ठिकाणी पुरेशी होते.

मुळांकडे प्रत्यक्ष पाहण्याची सवय लावून घ्यावी असे मी नेहमी सांगतो. फुटव्यांच्या काळात एक चूड मातीच्या गोळ्यासह काढून वाहत्या पाण्यात हलकेच धुवावा. निरोगी मुळांवर तांबूस-तपकिरी लेप दिसतो, तो मुळाने सोडलेल्या प्राणवायूने बाहेरच अडवलेल्या लोहाचा असतो, आणि टोके पांढरी असतात. मुळे काळी पडून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर मुळांचा श्वास कोंडला आहे. अशा मुळांना कोणत्याही वाणात कितीही खत दिले तरी ते वर चढत नाही. आधी पाणी काढून जमीन थोडी तडकू द्यावी लागते. लोह अति असलेल्या जमिनीत हा लेप धरण्याची शक्ती वाणागणिक वेगळी असते, आणि तेथे खताच्या मात्रेपेक्षा सहनशील वाणाची निवड अधिक कामाला येते.

सिलिकाचा उल्लेख खतांच्या शिफारशींत क्वचित येतो, पण भात तिचे शोषण नत्राच्या कितीतरी पट करतो आणि पान ताठ राहणे व करप्याला तोंड देणे या दोन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. नत्र जास्त दिले की वाढ वेगाने होऊन पानातले सिलिकाचे प्रमाण पातळ होते. उंच वाणात ही पातळ पाने लवकर वाकतात. पेंढा किंवा तुसाची राख शेतात परत गेली तर बराच फरक पडतो.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: नत्राची मात्रा वाण किती दाणा करू शकतो आणि किती भार पेलतो यावर ठरते, हप्त्यांची वेळ वाणाच्या कालावधीवर ठरते, आणि स्फुरद, जस्त व लोह यांबाबत वाणाची निवड जमिनीचा दोष पाहून करावी लागते.

मात्रेचा आकडा काढण्याची माझी पद्धत अशी. आधी नत्राशिवाय ते खाचर किती देते ते पाहतो, कारण पिकाने घेतलेल्या नत्रापैकी निम्म्याहून अधिक बहुधा जमिनीतूनच आलेले असते. समजा, बुटका वाण नत्राशिवाय ३ टन देतो आणि चांगल्या व्यवस्थापनात ५ टन अपेक्षित आहेत. तफावत २ टनांची. एक टन वाढीव दाण्यासाठी साधारण ५० किलो नत्र लागते असे धरले तर १०० किलो होतात. तोच उंच वाण नत्राशिवाय २.४ टन देतो आणि लोळल्याशिवाय त्याची कमाल ३.२ टन आहे असे धरले, तर तफावत फक्त ०.८ टनाची, म्हणजे ४० किलो. येथे ३, ५, २.४ आणि ३.२ हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे आकडे तुमच्याच खाचरातून यायला हवेत. तुमच्या बुटक्या वाणाला दिलेले १०० किलो बहुधा चूक नव्हते, त्यांचे वाटप चूक होते. त्याला १२ व्या दिवशी एक तृतीयांश, लोंबी धरताना निम्म्याच्या आसपास आणि उरलेले पोटरीत, तेही पान फिके दिसले तरच द्यावे. उंच वाणाला ४० पैकी १५ किलो सुरुवातीला आणि उरलेले लोंबी धरल्यानंतर आठवड्याने, पानाचा रंग पाहून द्यावे.

रंग पाहण्यासाठी पर्णरंग तक्ता (फिक्यापासून गडद हिरव्यापर्यंत क्रमांक दिलेल्या रंगांची पट्टी) वापरावा, मात्र वाणानुसार त्याची सीमा वेगळी ठेवावी. बहुतेक बुटक्या इंडिका वाणांना लावणीच्या भातात रंग ४ च्या खाली गेल्यावर नत्र देतात. अनेक सुवासिक वाण निसर्गतःच फिक्या पानांचे असतात, त्यांच्यासाठी ३ ही सीमा पुरते. अशा वाणाला ४ च्या रंगावर आणायचा प्रयत्न म्हणजे त्याला लोळवण्याचाच प्रयत्न होय. सर्वांत वरचे पूर्ण उघडलेले पान घ्यावे, ते न तोडता मधल्या भागाशी तक्ता धरावा, आपल्या अंगाची सावली त्यावर पडू द्यावी आणि दर आठवड्या-दहा दिवसांनी, दिवसाच्या एकाच वेळी, किमान दहा पाने पाहून सरासरी काढावी.

पुढच्या हंगामात संकरित वाण लावणार असाल तर तो संपूर्ण खाचरात न लावता निम्म्यात लावावा आणि उरलेल्या निम्म्यात हाच ११५ दिवसांचा वाण ठेवावा. दोन्हींत सुमारे पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशी एकेक पट्टी नत्राशिवाय राखावी, स्फुरद आणि पालाश मात्र तिला पूर्ण द्यावे. पट्टीभोवती चिखलाचा लहान पण घट्ट बांध घालावा. कापणीच्या वेळी पट्टीतील आणि बाहेरील प्रत्येकी पाच चौरस मीटर, कडेच्या ओळी सोडून, वेगळे कापावे, झोडावे, वाळवून तोलावे आणि दोन हंगाम हे आकडे लिहून ठेवावेत. पट्टी पाणी शिरण्याच्या तोंडाशी आखू नये, कारण वरच्या खाचरातून वाहून आलेले नत्र आधी तेथेच पोचते आणि बिनखताची पट्टी बिनखताची राहत नाही.